पदाला तीन हात, नावाला एक

आमचे घरमालक पाटी रंगवताना पदाला रंगाचे तीन हात द्यायचे आणि नावाला एकच. असं का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "नाव लवकर खोडा लागते बापा. पद हालत नाही. तीस वर्षं साहेब लोकायच्या पाट्या रंगवल्या मी, मले नोका शिकवू."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाशिमला त्यांच्या अंगणात उभा होतो. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात बादली आणि बगलेत बी.एस्सी.ची पदवी. पदवी बरोबर कशाला आणली होती, ते मला आजही सांगता येणार नाही. आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली होती, आणि गादीत गुंडाळली तर चुरगळेल म्हणून मी ती वेगळी धरली होती. मालकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काय व्हायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"खोली पाह्यजे ना? मंग काय व्हायचं हाय ते सांगा. नुसत्या माणसाले मी खोली देत नाही."

मी म्हणालो, तलाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर दारावर पाटी. काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, वर माझं नाव आणि खाली, नावाच्या दुप्पट आकारात, 'तलाठी'. रंग ओला होता. बोट लावून पाहिलं तर ते बोट दोन दिवस पांढरं राहिलं, आणि मेसमध्ये सगळ्यांनी विचारलं की निवडणूक कुठली होती.

घराच्या मागे एका ओळीत सहा खोल्या होत्या. माझ्या शेजारी फौजदार, पलीकडे कृषी सहायक, मग ग्रामसेवक, मग वनरक्षक. सहावी खोली तेव्हा रिकामी होती. यातल्या कोणालाही कसलीही नोकरी नव्हती. पण मालक आम्हाला नावाने कधी हाक मारत नसत. "फौजदारसाहेब, तुमची चड्डी वाऱ्यानं उडाली." "ग्रामसेवक, मोटर बंद करा." महाराष्ट्र शासनाची निम्मी यंत्रणा त्या एका नळावर दात घासायची. नळावर पहिला मान फौजदाराचा, आणि बाकीच्यांनी पदाप्रमाणे रांगेत यायचं, असा मालकांचा दंडक. तलाठी आधी की ग्रामसेवक आधी, यावर एकदा सकाळी आमची इतकी जुंपली की नळच गेला. त्या दिवशी दोघंही आंघोळीशिवाय अभ्यासिकेत जाऊन बसलो.

आमचा फौजदार म्हणजे सहा फूट उंच, छाती रुंद, आणि पालीला भिणारा. पाल दिसली की तो माझ्या खोलीत यायचा आणि कायद्याची पुस्तकं घेऊन माझ्या गादीवर बसायचा. तीनदा पूर्वपरीक्षेत गेल्यावर त्याचा धीर सुटला. तो मालकांकडे गेला आणि म्हणाला, "काका, माह्या पाटीवर पोलीस शिपाई लिहा. तेवढं तरी होईन."

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "डिमोशनचा आर्डर आला काय?"

"नाही."

"मंग आर्डर आल्याबिगर मी खाली कसा आणू तुमाले? नियम हाय काही का नाही?"

फौजदार परत येऊन माझ्या गादीवर बसला. त्या दिवशी पालही नव्हती.

मालक मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, निवडणुकीच्या भिंती, आणि मुख्य म्हणजे कचेऱ्यांमधली कामं. साहेबाच्या खुर्चीमागे आजवरच्या साहेबांचा फळा असतो, नाव, 'पासून' आणि 'पर्यंत' असे रकाने असलेला. असे कितीतरी फळे मालकांच्या हातचे. 'पर्यंत' या रकान्यावर त्यांचा फार जीव. "पासून भरतानी साहेब सोता मागं उभा राह्यते, चहा पाजते, अक्षर मोठं काढ मनते. पर्यंत भरायले कोणी येत नाही. खिडकीतून ऊन येते, अन् मी अन् ब्रश." मग फ्लेक्स आला आणि मालकांचं काम गेलं. त्यांनी पैसे घालून खोल्या बांधल्या. हात मात्र शिवशिवत राहिले, आणि आमच्यासारखे पदवीधर आयते सापडले.

आता माझं सांगतो. माझं गाव मेडशी. बाबांची पाच एकर, त्यात सोयाबीन आणि तूर, आणि ती करायला थोरला भाऊ पुरून उरतो. पदवी घेऊन घरी आलो तेव्हा गावाने मला एकच प्रश्न लावला होता, "सद्या काय करून राह्यला?" एसटीत विचारलं, न्हाव्याकडे विचारलं, एकदा तर मयतीत, तिरडी बांधता बांधता विचारलं. मी सुतळीची गाठ मारत म्हणालो, "तयारी." विचारणारा म्हणाला, "हा, ते तं दिसून राह्यली."

बाबांनी मला तीन वर्षं दिली होती. "झालं तं झालं," ते म्हणाले होते. "नाई झालं तं घरी ये. पण मंग काय करून राह्यला ते लोकाईले तूच सांगजो. मी नाई सांगणार." मला गरिबीची भीती नव्हती, शेतीची तर नव्हतीच. भीती होती ती या एका वाक्याची. मालकांकडे मी आलो तेव्हा दोन वर्षं संपली होती आणि तिसरं सुरू होतं.

आणि मग एका रविवारी तो म्हातारा आला.

मी आत परीक्षेचं पुस्तक तोंडावर ठेवून पडलो होतो. बाहेरून आवाज आला, "तलाठीसाहेब हायेत काय?"

"हायेत ना," मालक म्हणाले. "अभ्यास करून राह्यले."

"करू द्या. मी बसतो."

आमच्याकडे तलाठी त्याच्या गावात सापडतो असं कोणीच धरून चालत नाही. तो तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला खोली करून राहतो, आणि ज्याचं काम अडलं तो खोली हुडकत येतो. त्यामुळे वाशिमच्या एका गल्लीत, मागच्या खोलीवर 'तलाठी' अशी पाटी दिसली याचं त्या म्हाताऱ्याला अजिबात नवल वाटलं नव्हतं. घाम पुसत तो पायरीवर बसला होता, मांडीवर कागदांची पिशवी. मी बनियनवर बाहेर आलो.

"बाबाजी, मी तलाठी नाई."

"मालूम हाय साहेब. आज आयतवार हाय."

"तसं नाई. मी अजून झालोच नाई तलाठी. परीक्षा देऊन राह्यलो."

"मागचे साहेब बी असंच मनत," म्हातारा शांतपणे म्हणाला. "एकडाव तं मने, मी तलाठ्याचा भाऊ हाय."

मी पिशवी घेतली. त्याचा बाप चार वर्षांपूर्वी वारला होता, आणि सातबाऱ्यावर अजून बापाचंच नाव होतं. चार वर्षं तो खेटे घालत होता. पिशवीत मृत्यूचा दाखला होता, जुना सातबारा होता, लग्नाच्या दोन पत्रिका होत्या, पण अर्ज कुठेच नव्हता. साहेबाला तोंडी सांगितलं की नोंद होते, अशी त्याची समजूत. आणि कुठल्याही साहेबाने ती दूर करायचे कष्ट घेतले नव्हते.

मी एक फुलस्केप घेतला आणि वारस नोंदीचा अर्ज लिहायला बसलो. बहिणींची नावं घातली, त्या बिचाऱ्या तो विसरलाच होता. कोणते कागद लावायचे ते खाली ओळीने लिहिलं. सांगायला हरकत नाही, लिहिताना मला फार आनंद झाला. दोन-अडीच वर्षं जे मी फक्त चार पर्यायांतून एक निवडण्यासाठी पाठ केलं होतं, ते पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगाला येत होतं.

"दोन प्रती करा," मी म्हणालो. "एक तठी द्या, दुसरीवर पोच घ्या. सही, शिक्का, तारीख. पोच घेतल्याबिगर उठू नोका."

म्हातारा उठला नाही. "अन् तुमचा शिक्का?"

"माह्यापाशी शिक्का नाई."

"मी काढून देऊ काय?" मालक मागून म्हणाले. "बारक्या ब्रशनं असा गोल काढतो, रबरी शिक्का झक मारते."

मी हात जोडून त्यांना घरात पाठवलं.

दीड-दोन महिन्यांनी म्हातारा परत आला. नोंद झाली होती. त्याने मुगाच्या शेंगांची पिशवी आणली, आणि बरोबर आणखी तीन माणसं. पुढच्या रविवारी सात झाली. रिसोडकडून एक बाई आली, ती म्हणाली, तुमी पोचवाले साहेब काय? मालकांनी पायरीजवळ एक बाकडं आणून टाकलं आणि ग्रामसेवकाला सांगितलं, "तुमच्याकडं कोणी येत नाही, तुमी पाणी द्या लोकाईले." ग्रामसेवक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

अशी वार्ता पसरली की ती पोचायची तिथे पोचतेच. एका दुपारी मोटरसायकलवर एक तरुण माणूस आला. माझ्याच वयाचा, पाठीला बॅग, आणि चेहरा रागाने लाल. तो खरा तलाठी होता, म्हाताऱ्याच्या गावचा.

"कोण हाय हा तलाठी?" तो अंगणातूनच ओरडला. "माह्या सज्ज्यातल्या गावचे लोक एकाएकी पोच मांगून राह्यले. कोणी शिकवलं त्याहीले? हे तोतयेगिरी हाय. गुन्हा हाय हा."

गुन्हा दाखल झाला तर सरकारी नोकरी या जन्मी नाही, हे मला कलमासकट पाठ होतं. फौजदार आपल्या खोलीत गेला आणि त्याने आतून कडी लावली.

मालक मात्र सावकाश उठले. "बसा. पाणी घ्या. बाहेर चौकात तुमी फ्लेक्स पाह्यला असंल, भावी आमदार मनून?"

"त्याचं काय?"

"त्याच्या बाजूले भावी नगराध्यक्ष. खाली बावीस पोट्टे, भावी नगरसेवक. त्याहीच्यावर गुन्हा दाखल केला काय कोणी? मंग माह्या भावी तलाठ्याच्या मांगं काहून लागले तुमी?"

"तुमच्या पाटीवर भावी कुठी लिहेल हाय?"

मालक आत गेले, ब्रश घेऊन आले, आणि त्या माणसाच्या देखत 'तलाठी'च्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'भावी' असं लिहून टाकलं. "घ्या. झालं कायदेशीर."

खरा तलाठी हसला नाही. तो पायरीवर बसला आणि पाणी प्यायला. त्याने बॅग खाली ठेवली तर तिच्यातून राज्यसेवेची जाडजूड पुस्तकं घरंगळली. मालकांची नजर तिथेच गेली.

"तुमाले काय व्हायचं हाय?"

त्याने पुस्तकं परत बॅगेत कोंबली. मग म्हणाला, "नायब तहसीलदार. पण अभ्यास कवा करू? माह्या खोलीवर सकाळपासून लोक येतेत. दरवाजा वाजवतेत, खिडकीतून पाह्यतेत. पुस्तक उघडलं का कोणाच्या तरी नोंदीचा फेरफार."

पुढच्या सोमवारी सहाव्या खोलीवर पाटी लागली, 'भावी नायब तहसीलदार'. आम्ही हरकत घेतली. नोकरी लागलेल्याला खोली द्यायची नाही हा मालकांचाच कायदा होता. मालक म्हणाले, "तलाठी असंल तो तिकडं. नायब तहसीलदार मनून तं तुमच्यासारखाच बेकार हाय ना?" आणि लगेच नळाची रांग नव्याने लागली. फौजदाराचा पहिला नंबर गेला. आयुष्यात त्याला मिळालेला तेवढा एकच अधिकार होता.

मग सुरू झाला तो कारभार मी कोणाला सांगितला तर खरा वाटत नाही. खरा तलाठी आत कडी लावून अभ्यास करत बसायचा. त्याला शोधत येणारे लोक दारावरची पाटी वाचून माझ्याकडे वळायचे. मी त्यांचे अर्ज लिहायचो, कागद तपासायचो, काय कमी आहे ते सांगायचो. संध्याकाळी तो बाहेर येऊन पूर्ण झालेले अर्ज घ्यायचा, दुसऱ्या दिवशी सज्ज्याच्या कचेरीत जाऊन पोच द्यायचा आणि नोंदी करायचा. कामं भराभर होऊ लागली. मधे सरकारने तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. मालकांनी पाटी बदलायला साफ नकार दिला. म्हणाले, "एवढ्या पत्र्यात बसत नाही ते. सरकारले सांगा, पयले पत्रा मोठा करा."

दिवाळीला घरी गेलो तर शेजारचे दोघं कागद घेऊन ओट्यावर आले. कोणाकडून तरी त्यांना कळलं होतं. मी लिहून दिलं. बाबा बैलांना वैरण टाकून येताना थांबले, पाहिलं, "फुकटचे धंदे," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला ते लागलं. सणाच्या पुरणपोळीवर मी तूपसुद्धा घेतलं नाही.

एका दुपारी मालक जुन्या पाट्या रॉकेलच्या बोळ्याने पुसत बसले होते. आमच्या आधीच्या मुलांच्या पाट्या. मी त्यांच्याजवळ बसलो. परीक्षा आठ दिवसांवर होती आणि मला काहीच वाचवत नव्हतं. मी विचारलं, "काका, तुमाले काय व्हायचं होतं?"

"पेंटर," ते म्हणाले. "मी झालो बी होतो. गावात माह्या अक्षराचं नाव होतं. मंग फ्लेक्स आला." त्यांनी बोळा पिळला. "तुमचं बरं हाय पोट्टेहो. तुमी अजून झालेच नाही. झालेलं माणूस पुसल्या जाते ना, त्याचं लय लागते मनाले. मले अजून लागते."

आठ महिने मी त्यांची टिंगल करत होतो. नक्कल तर इतकी हुबेहूब करायचो की एकदा मालकीणबाई फसल्या होत्या. त्या दुपारी मला त्यांची माया आली, आणि आपली लाजही वाटली. मी दुसरा बोळा घेतला. आम्ही दोघांनी मिळून एक तालुका कृषी अधिकारी आणि दोन शिक्षक पुसून काढले.

निकाल लागला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. यादी मोबाईलवर आली. माझा नंबर नव्हता. मी ती खालून वर पाहिली, वरून खाली पाहिली. दोन गुणांनी गेलं होतं. त्या परीक्षेत वारस नोंदीवर एक प्रश्न होता, आणि तो मी चुकलो होतो. पर्यायांमध्ये जे उत्तर बरोबर धरलं होतं, तसं प्रत्यक्षात होत नाही, हे मला आता माहीत झालं होतं. त्याच आठवड्यात नायब तहसीलदारही पूर्वपरीक्षेत गेले होते. फौजदार माझ्याजवळ येऊन बसला, पण काही बोलला नाही. तो जाणकार होता.

तीन वर्षं संपली होती. बाबांना फोन करायचा होता. मी नंबर काढायचो आणि मोबाईल पालथा ठेवायचो. बाबा रागावणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण गावात पाय ठेवल्यावर पहिलाच माणूस विचारेल, त्याला काय सांगायचं, हे मला खरोखर सुचत नव्हतं.

मालक आले आणि त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. बाबांचा नंबर समोरच होता. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तो लावला आणि आवाज मोठा केला.

"पाटील, मी घरमालक बोलून राह्यलो, वाशिमवरून. पोराचं नाही झालं. दोन मार्कानं राह्यलं. आता तो रडते का काय करते, मनून मी फोन लावला."

तिकडून मला बैलाच्या घागरमाळा ऐकू आल्या. मग बाबा म्हणाले, "बरं."

घागरमाळा पुन्हा वाजल्या.

"तठीच हाय काय तो?"

"हाय. कान टवकारून बसला हाय."

"त्याले मना, आज येतं का उद्या, तेवढं सांग. सकाळपासून चार जण ओट्यावर येऊन बसले हायेत कागदं घेऊन. दोन तं शेलूबाजारचे हायेत, जीप करून आले. मले इचारून राह्यले, साहेब कवा येतेत. चहा पाजू पाजू तुही माय थकली." बाबांनी आवाज हळू केला. "कोण्या कोण्या कागदाचं काम पडते ते तरी सांग त्याहीले. तवरक ते जमा करतीन. रिकाम्या हातानं कसं वापस धाडू?"

मालकांनी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून ठेवला.

"मृत्यूचा दाखला," मी म्हणालो. "चालू सातबारा. अन् सगळ्या वारसाईचे नावं. बहिणींचे सुद्धा."

"थांब, थांब," बाबा म्हणाले. "लिहून घेतो." फोनमधून ते आईला पेन मागताना ऐकू आले, मग कागद फाटल्याचा आवाज आला. "हां, सांग. पयले काय म्हटलं?"

मालक मोबाईलजवळ वाकले. "दमानं लिहा पाटील," ते म्हणाले. "अन् अक्षर चांगलं काढा. लोकाईले वाचा लागते ते."